थर्गुड मार्शल : जज होण्याआधीची गोष्ट

संपादक साहेब,

थर्गुड मार्शल म्हटलं की १९६७ साली अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाचे पहिले कृष्णवर्णीय जज एवढंच छापून येतं, पण खरी गोष्ट त्याआधीची आहे हो. जन्म १९०८, बाल्टिमोर. गावातल्याच मेरीलँड लॉ स्कूलमध्ये काळ्या मुलांना घेतच नव्हते म्हणून हे रोज तिथून वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात लॉ शिकायला जायचे आणि फीसाठी शिक्षिका आईने लग्नाची अंगठी गहाण टाकली. १९३३ ला वर्गात पहिले आले, आणि दोनच वर्षांत त्याच मेरीलँडवर केस जिंकून डोनाल्ड मरे या काळ्या मुलाला ॲडमिशन मिळवून दिली! वकील म्हणून सुप्रीम कोर्टात ३२ पैकी २९ केसेस जिंकले, त्यात १९५४ ची शाळांतल्या वर्णभेदाविरुद्धची ब्राऊन केस पण. यावर रविवारच्या पुरवणीत सविस्तर लेख द्या ना प्लीज.

- एक नियमित वाचक