राणीच्या बागेतील शिल्पेही पाहावीत

महोदय,

सुट्टीत मुलांना घेऊन भायखळ्याच्या राणीच्या बागेत जाणाऱ्यांनी पेंग्विन आणि वाघ पाहून लगेच परतू नये, तासभर तेथील शिल्पांसाठी राखून ठेवावा, असे मनापासून सुचवावेसे वाटते. डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारातील दगडी हत्ती मूळचा घारापुरीचा. ज्याच्यावरून पोर्तुगीजांनी त्या बेटाला ‘एलिफंटा’ म्हटले, तोच हा हत्ती १८६४ साली इंग्लंडला नेण्यासाठी उचलताना भंगला आणि त्याचे तुकडे या बागेत आणून १९१४ मध्ये पुन्हा जोडण्यात आले. दक्षिण मुंबईतील ‘काळा घोडा’ परिसराला ज्याच्यामुळे नाव मिळाले, तो बोएम यांनी घडवलेला सातव्या एडवर्डचा अश्वारूढ पुतळाही १९६५ पासून येथेच आहे. मुलांना इतिहास इतका जवळून दाखवणारी जागा शहरात क्वचितच सापडेल. प्रशासनाने या सर्व शिल्पांचा क्रमवार नकाशा आणि मराठी माहितीपत्रक प्रवेशद्वाराशीच उपलब्ध करून दिल्यास शालेय सहलींची मोठी सोय होईल. भायखळा स्थानकातून बागेत पायी जाता येते. मात्र बाग बुधवारी बंद असते, हे बेत आखताना ध्यानात घ्यावे.

– एक वाचक, मुंबई