विषय: हुरडा-सावजी खाद्यसफरीचे पैसे परत करण्याबाबत आणि तुमच्या प्रतिनिधीच्या बोलण्याबाबत

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक तक्रार विभाग

आज दुपारी मी बोलत असतानाच तुमच्या प्रतिनिधीनं फोन ठेवला, म्हणून हे लेखी देतो आहे. पावती, बुकिंगचा मेसेज आणि त्या दिवशीचे फोटो सोबत जोडले आहेत. तुम्ही ॲपवर विकता त्या नागपूरच्या एका दिवसाच्या हुरडा-सावजी खाद्यसफरीला जानेवारीत मी आईला आणि घरच्यांना घेऊन आलो होतो. तीन मोठी माणसं प्रत्येकी १,४५० रुपये आणि मुलगी ९०० रुपये, असे ५,२५० रुपये मी आगाऊ भरले. जानेवारीत आमच्याकडे कापसाची वेचणी आणि तुरीची सोंगणी एकाच वेळी चालू असते. त्या दिवसांत घरातली चार माणसं शेत सोडून नागपूरला येतात याचा अर्थ काय, हे तुमच्या कार्यालयात कुणाला तरी कळत असेल असं मी धरून चालतो.

ॲपवर तुम्ही काय लिहिलं होतं? सकाळी गाडीवर तर्री पोहे. मग इतवारी-महालात पायी फिरत सांबारवडी, म्हणजे कोथिंबिरीची वडी, आणि पाटोडी. दुपारी जुन्या वस्तीतल्या सावजी भोजनालयात जेवण. त्यानंतर काटोल रोडवरच्या शेतात गोवऱ्यांच्या आगटीवर भाजलेला हुरडा, आणि परतताना ताजा नागपुरी संत्रा. संध्याकाळी सहाला गणेशपेठ बसस्थानकावर सोडणार.

गाडीनं आम्हाला सकाळी उचललं आणि सरळ रिंग रोडजवळच्या एका लग्नाच्या लॉनवर नेऊन सोडलं. पुढचा सगळा दिवस तिथेच. इतवारी नाही, महाल नाही, शेत नाही. ज्या गल्ल्यांचं नाव सांगून तिकीट विकलं त्यातल्या एकाही गल्लीत आमचा पाय पडला नाही. कापडी मंडपात ओळीनं टेबलं, प्रत्येक टेबलावर एक पाटी आणि सगळ्या टेबलांमागे एकाच कॅटररचे एकाच रंगाचे शर्ट घातलेले पोरं.

पोह्यांवरच्या तर्रीत चणा नव्हता. तर्री म्हणजे काळ्या चण्याचा झणझणीत रस्सा, वर तेलाचा लाल तवंग. तुमच्या टेबलावर तिखट घातलेलं कोमट पाणी होतं. सांबारवडीत सांबार, म्हणजे कोथिंबीर, शोधावा लागत होता, कोबी मात्र भरपूर. हिवाळ्यात सांबार ढिगानं येतो, मातीमोल भावानं जातो. मग तिथे कोबी कशासाठी?

सावजीबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण त्यासाठी मी सगळ्यात जास्त वाट पाहिली होती. हा स्वयंपाक नागपूरच्या हलबा कोष्टी विणकरांच्या घरातून आला. दिवसभर मागावर बसणाऱ्या माणसांचं जेवण ते. भाजलेल्या मसाल्याचा काळपट रस्सा, जुन्या घरांत जवसाच्या तेलातला. तो हॉलात सजवून ठेवायचा पदार्थ नाही. लहानशा खोलीत, लाकडी बाकड्यावर बसून, समोर कढई दिसते आहे, घाम पुसत खायचा पदार्थ आहे. आई मांसाहार करत नाही. पाटोडी रस्सा आणि डाळकांदा मिळेल ना, हे मी बुकिंग करण्याआधी विचारून घेतलं होतं आणि तुम्ही 'हो' म्हणून लिहून दिलं होतं. तो मेसेजही जोडला आहे. प्रत्यक्षात 'सावजी व्हेज' अशी पाटी लावून लाल ग्रेव्हीतलं पनीर ठेवलेलं होतं. तसं पनीर आमच्याकडच्या तळेगावच्या कुठल्याही ढाब्यावर मिळतं. त्यासाठी नागपूरला कोण जाईल?

आमच्या गावातली माणसं नागपूरला कशासाठी जातात ते तुम्हाला सांगतो. मेडिकलमध्ये, म्हणजे मोठ्या सरकारी दवाखान्यात, दाखवायला जातात. कोर्टाच्या तारखेला जातात. पोरांच्या परीक्षेला जातात. डबा घरून बांधून नेतात, बसस्थानकाच्या बाकावर बसून खातात आणि मिळेल त्या गाडीनं परत येतात. माझ्या आईनं उभ्या आयुष्यात नागपूर पाहिलं ते दवाखान्याच्या रांगेतून. ज्या शहराला आमचा कापूस जातो, संत्रा जातो, भाजी जाते, ते शहर स्वतः काय खातं हे तिला एकदा बसून, आरामात खाऊ घालावं, एवढीच माझी इच्छा होती. त्यासाठी मी हॉटेल शोधत बसलो नाही. म्हातारं माणूस सोबत आहे, गाडीची सोय असावी, म्हणून तुमच्यावर भरवसा टाकला.

आता हुरडा. हुरडा म्हणजे ज्वारीचा दाणा दुधातून नुकता घट्ट होत असतानाचे थोडे दिवस. त्याआधी दाणा भरलेला नसतो, त्यानंतर टणक होतो. कणीस तोडलं की लगेच आगटीत घालायचं, गरम असतानाच हातावर चोळायचं, पाखडायचं आणि खायचं. सोबत जवसाची चटणी, दही, गूळ. तोडून ठेवला की त्याची गोडी जाते, म्हणून तर हुरडा खायला माणसं शेतात जातात, हुरडा माणसांकडे येत नाही. हे तुम्हाला ठाऊक आहे, कारण तुमच्या जाहिरातीत हेच लिहिलं आहे. मग लॉनवरच्या टेबलावर झाकणाच्या स्टीलच्या भांड्यात जे ठेवलं होतं ते काय होतं? पाकिटातून काढून गरम केलेली, बटर लावलेली, दातांना चिवट लागणारी ज्वारी, आणि कमी पडू लागली तशी तिच्यात मिसळलेले मक्याचे दाणे. आगटी होती, पण ती फोटोसाठी. चार गोवऱ्या पेटवून बाजूला दोन कणसं ठेवली होती. त्यांना हात लावायचा नाही, असं तिथल्या पोरानं माझ्या मुलीला सांगितलं.

संत्रा म्हणून तुम्ही किन्नो वाटला. नागपुरी संत्र्याला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं आहे. त्या नावाखाली पंजाबकडचं फळ देता येत नाही. आमच्या जिल्ह्यात आष्टी-कारंजाकडे संत्र्याच्या बागा आहेत. साल सैल आहे की फोडीला चिकटलेली आहे, एवढं तर आमची लहान मुलंसुद्धा सांगतात. हिवाळ्यात निघणारा अंबिया बहाराचा संत्रा संपत आला होता आणि त्यानंतर येणाऱ्या मृग बहाराला अवकाश होता, म्हणून चांगला माल मिळाला नसेल, हे मी समजू शकतो. मग तसं सांगायचं. किन्नो द्या आणि किन्नो म्हणून द्या.

सहाला सोडणार होते, सोडलं आठ वाजून गेल्यावर. आमची गाडी गेलेली होती. त्या रात्री आईला बसस्थानकावर बसवून मी तळेगावपर्यंतची सोय कशी केली ते इथे लिहीत नाही.

हे सगळं झाल्यावरही पत्र लिहायची वेळ आली नसती. व्यवस्था चुकते, एखाद्या दिवशी फसगत होते. पत्र लिहायला लावलं ते तुमच्या प्रतिनिधीनं. तुमच्याकडे कॉल रेकॉर्ड होतात असं तुम्ही सुरुवातीलाच सांगता, तेव्हा ऐकून घ्या. तरी मी इथे जसंच्या तसं लिहितो, कारण ऐकायला तुम्हाला वेळ नसेल.

मी सगळं सांगून झाल्यावर तो म्हणाला, "सर, तुम्ही आर्वी साईडचे ना? म्हणजे गावचेच."

मी म्हटलं, हो.

"मग सर, हुरडा तर तुमच्या शेतातच असतो. त्यासाठी एवढं काय? ही सफर ॲक्च्युअली सिटीतल्या लोकांसाठी डिझाइन केलेली आहे. त्यांच्याकडून एकही तक्रार नाही."

मी विचारलं, सिटीतल्या लोकांसाठी आहे असं ॲपवर कुठे लिहिलं आहे?

"लिहिलेलं नाही सर, पण समजतंच ना. गावातल्या माणसाला यात नवीन काय वाटणार?"

मी म्हटलं, माझे पैसे घेताना मी गावचा आहे हे समजलं नव्हतं का? तर हसला. त्या रेकॉर्डिंगमध्ये ते हसणं आहे. मग म्हणाला, "सर, मेनू बदलू शकतो असं अटींमध्ये आहे. आणि प्लीज माइंड करू नका, पण एवढ्या वयाच्या माणसाला अशा इव्हेंटला आणायलाच नको. त्यांना सगळं चिवटच लागणार."

फोनचा स्पीकर चालू होता. आई समोरच बाजेवर बसून तूर निवडत होती. तिनं सगळं ऐकलं आणि मला म्हणाली, "राहू दे बाबू, कायले त्याच्या तोंडी लागतं." मी राहू देणार नव्हतो. मी वरिष्ठांना फोन द्या म्हटलं. त्यानं वरिष्ठ मीटिंगमध्ये आहेत म्हणून सांगितलं, पुढच्या बुकिंगवर २०० रुपयांचं कुपन देतो म्हणाला, आणि मी उत्तर देत असताना फोन ठेवून दिला.

हुरडा तुमच्या शेतातच असतो. याचं उत्तर त्यानं ऐकून घेतलं नाही, तेव्हा तुम्ही वाचा. आमच्या शेतात हुरडा नसतो. आमच्या शिवारात ज्वारी उरलेली नाही. कापूस, सोयाबीन, तूर, चणा, एवढंच. माझ्या लहानपणी घरोघरी ज्वारी होती, वाणीच्या ज्वारीचा एक पट्टा खास हुरड्यासाठी राखलेला असायचा. पुढे भाव परवडेना, मजूर मिळेना, लोकांनी सोयाबीन धरलं. आता एकट्यानं ज्वारी पेरावी तर सगळ्या शिवारातली पाखरं त्याच एका तुकड्यावर उतरतात, रात्री रानडुकरं आणि रोही, म्हणजे नीलगाई. रोज जागल करायला माणूस लागतो, आणि एवढं करून हाती किती येतं? मी पेरून पाहिली आहे, म्हणून सांगतो. दारात ज्वारी नाही म्हणून कडबाही नाही, आणि बैलांची जोडी विकली त्याला हेही एक कारण आहे. अकोल्याच्या कृषी विद्यापीठानं हुरड्यासाठी खास वाण काढलं आहे आणि नागपूरच्या आसपास ज्यांना गिऱ्हाईक मिळतं ते शेतकरी ते लावतात, कुंपण करतात, राखण करतात. म्हणून आज हुरडा खायचा तर गावातल्या माणसालाच शहराच्या कडेला यावं लागतं. आई हुरडा खायलाच आली होती. तिला चिवट लागला तो वयामुळे नाही. तिला ताजा हुरडा कसा लागतो हे तुमच्या सगळ्या कार्यालयापेक्षा जास्त कळतं.

आणि अजून एक. सावजीच्या नावानं, तर्री पोह्यांच्या नावानं, हुरड्याच्या नावानं तुम्ही पैसे घेता आणि त्यातला एक रुपयाही सावजीवाल्याला, पोह्याच्या गाडीवाल्याला किंवा ज्वारी राखणाऱ्या शेतकऱ्याला जात नाही. तो जातो लॉनवाल्याला आणि कॅटररला. मला याची चीड माझ्या पैशांपेक्षा जास्त येते. आम्हाला त्यांच्या दारात नेलं असतं तर तुमचं काय गेलं असतं?

मला कुपन नको. ५,२५० रुपये पूर्ण परत हवेत, आणि त्या रात्रीच्या गाडीचं भाडं, ज्याची पावती जोडली आहे. प्रतिनिधीनं आईची फोनवर माफी मागावी. मला नाही, आईची. ॲपवरून 'जुन्या वस्तीतलं सावजी भोजनालय' आणि 'शेतातला हुरडा' हे शब्द काढा, नाहीतर खरोखर तिथे न्यायला लागा.

२०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे तक्रार मिळाल्याची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात करायचं असतं. हे तुमच्या कायदा विभागाला माहीत असेलच. ते झालं नाही तर मी आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करीन आणि नंतर वर्ध्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. २०१९ च्या कायद्याच्या कलम ३४ प्रमाणे ग्राहक जिथे राहतो तिथल्या आयोगात तक्रार करता येते, मला तुमच्या मुख्य कार्यालयाच्या शहरात यायची गरज नाही. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्कही नाही. तारखा पडल्या तर मी हजर राहीन. तारखांना जायची आम्हाला सवय आहे.

पुढच्या हिवाळ्यात आमच्या गावातली आणखी काही घरं तुमच्याकडे बुकिंग करणार होती, मीच त्यांना सांगितलं होतं. आता काय झालं तेही मीच सांगेन.

एक ग्राहक,
तालुका आर्वी, जिल्हा वर्धा

ता. क. पत्र पूर्ण केल्यावर मुलीनं दाखवलं. लॉनवर तुमच्या माणसानं आईच्या हातात ते हात लावायचं नसलेलं कणीस देऊन फोटो काढला होता. तो तुम्ही ॲपवर पुढच्या सफरीच्या जाहिरातीत लावला आहे, खाली लिहिलं आहे 'अस्सल गावाकडची चव'. फोटो वापरायची परवानगी कुणी दिली? आम्हाला कुणी विचारलं नाही. फोन येतो तेव्हा गावची माणसं चालत नाहीत आणि जाहिरातीला चालतात, हे आम्ही खपवून घेणार नाही. पैशांचं एका महिन्यात करा. फोटो आज संध्याकाळच्या आत काढा.