शाल नको, अर्धा तास द्या

महोदय,

‘सर्व धर्म एकच शिकवतात’ हे कालच्या अंकातलं शीर्षक वाचलं. त्या ख्रिस्ती-मुस्लिम संवाद बैठकीला मी होतो. मौलानांना शाल, फादरांना शाल, शाली संपल्यामुळे मला गुलाबाचं फूल, आणि ‘दोन मिनिटांत येशूचा शांतिसंदेश सांगा’. सांगितला. मग फोटो, खजूर, चहा. सगळे एकच शिकवतात तर बैठक कशाला, फोनवर भागलं असतं!

तुमच्या लेखकांनी असिसीचे ख्रिस्ती संत फ्रान्सिस आणि इजिप्तचे सुलतान अल-कामिल यांच्या १२१९ मधल्या भेटीचा दाखला दिला आहे. पण फ्रान्सिस ‘तुमचंही खरं, आमचंही खरं’ म्हणायला गेलेच नव्हते. इजिप्तमधल्या दमिएताला ख्रिस्ती-मुस्लिम धर्मयुद्ध पेटलेलं असताना ते सुलतानाला ख्रिस्त सांगायला गेले. सुलतानांनी ऐकून घेतलं, आपला धर्म सोडला नाही आणि पाहुण्याला सुखरूप परत पाठवलं. याला म्हणतात संवाद.

जुन्या नाशकात आमचे एक शिंपी चाचा होते. टेप माझ्या कमरेला, टाचण्या तोंडात, आणि एकदम विचारलं, “मास्तर, देवाला मुलगा कसा हो?” जागचं हलताही येईना. म्हटलं, “तसा मुलगा नव्हे, चाचा.” “मग मुलगा म्हणता कशाला?” मी गप्प. दर रविवारी जे म्हणत आलो, त्यासाठी त्या रात्री बायबलमधलं योहानाचं शुभवर्तमान उघडून बसलो. पुढच्या खेपेला मी वधस्तंभाचा विषय काढला. कुराण म्हणतं ईसांना, म्हणजे येशूला, सुळावर मारलंच नाही, आणि आमचा तर सगळा विश्वास तिथेच उभा! चाचांनी कुराणातला मरियमच्या नावाचा एकोणिसावा सूरा, म्हणजे अध्याय, काढून अर्थ सांगितला. ते असेपर्यंत वाद मिटला नाही. त्या नादात माझ्या दोन पँटी कमरेत घट्ट झाल्या, तो भाग वेगळा.

मी कॅथलिक नाही. तरी व्हॅटिकनचा १९६५ चा ‘नोस्त्रा एताते’ हा जाहीरनामा लेखकांनी एकदा वाचावा. मुसलमानांविषयी आदर त्यात आहेच. पण ते येशूला देव मानत नाहीत, संदेष्टा मानतात, हेही त्याच परिच्छेदात सरळ लिहिलंय. आपल्याला मात्र फरकाचं नाव काढलं की दंगल होईल असं वाटतं.

विषय निघालाच आहे म्हणून. गेल्या गुड फ्रायडेला तुमच्याच अंकात फुग्यांच्या चौकटीत ‘हार्दिक शुभेच्छा’ होत्या. तो येशूच्या मृत्यूचा दिवस; त्या दिवशी आम्ही दुपारी बारा ते तीन चर्चमध्ये त्याचे वधस्तंभावरचे सात उद्गार ऐकत बसलेलो असतो. दहाव्याला शुभेच्छा देतात का हो?

– एक निवृत्त शिक्षक, शरणपूर रोड, नाशिक

ता. क. : कालच्या फोटोखाली मला ‘फादर’ म्हटलं आहे. मला तीन नातवंडं आहेत.