डबा कुणी वाजवून पाहिला?

महोदय,

आंब्याचा हंगाम संपला की आमच्या सिंधुदुर्गातल्या कॅनिंगच्या कारखान्यांत आढावा बैठका होतात आणि कुणाचा तरी शाल-श्रीफळ देऊन सत्कार होतो. अशाच एका कारखान्यात मी बारा वर्षे पर्यवेक्षक आहे आणि त्या सत्काराबद्दलच मला लिहायचे आहे.

दोन वर्षांपूर्वी लेबले लावणाऱ्या टेबलावरच्या एका बाईंनी पल्पचे थंड झालेले डबे सवयीने बोटाने वाजवले आणि तीन-चार डबे बद्द वाजतात म्हणून मला हाक मारली. नीट बंद झालेला डबा खणखणीत वाजतो. झाकणाची कड कुठे ढिली राहिली की हवा शिरते आणि माल आंबतो. आम्ही झाकण बसवणारे यंत्र थांबवले, कड दाबणारा रोलर जुळवून घेतला आणि पुढचा माल वाचला. बैठकीत श्रेय मात्र व्यवस्थापकांना मिळाले. मला सगळे ठाऊक होते, तरी मी त्या बाईंचे नाव घेतले नाही. पुढच्या मे महिन्यात तसेच डबे पुन्हा निघाले, ते गोदामात फुगल्यावरच आम्हाला कळले. मी विचारले तेव्हा बाई शांतपणे म्हणाल्या, "गेल्या वर्षी सांगलंय, काय गावला?"

त्यांना पैसे हवे होते असे मला वाटत नाही. आपण पाहिलेली चूक आपल्या नावाने सांगितली जावी, एवढेच त्यांना हवे होते. ते झाले नाही, आणि त्यांच्या शेजारी बसणाऱ्या नव्या मुलीसुद्धा गप्प राहायला शिकल्या, हे नुकसान मला फुगलेल्या डब्यांपेक्षा मोठे वाटते.

प्रत्येकाचा वाटा मानणे आमच्या किनाऱ्याला नवे का वाटावे? रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे, ओढताना दोरीला हात लावणाऱ्याच्या पदरात वाटणीची मासळी पडते; होडी आणि जाळ्याचा वाटा वेगळा धरतात, पण म्हणून ओढणाऱ्याला कुणी रिकाम्या हाताने घरी पाठवत नाही. ज्या हापूसवर आमचा कारखाना चालतो, त्याला २०१८ साली मिळालेले भौगोलिक मानांकनही कुणा एका बागायतदाराचे नाही. पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या पाच जिल्ह्यांचे ते सामाईक आहे.

सगळ्यांचीच नावे घेतली तर विशेष मेहनत करणाऱ्याची किंमत राहत नाही, असे काही सहकारी म्हणतात. ते मला पटत नाही, कारण नेमके कुणी काय केले हे सांगितले तरच ती मेहनत दिसते. सरसकट "सर्वांचे आभार" मानण्यात तीही झाकली जाते.

यंदाच्या अहवालात मी तपासणीच्या नोंदीपुढे त्या टेबलावरच्या सहाही जणींची नावे आणि प्रत्येकीने काय लक्षात आणून दिले, ते लिहून दिले आहे. बैठकीत ते मोठ्याने वाचावे, अशी विनंती मी व्यवस्थापनाला केली आहे. जिल्ह्यातल्या इतर पर्यवेक्षकांनीही आपापल्या अहवालात तसे लिहावे, यासाठी हे पत्र.

आपला,
एक वाचक, देवगड