नववीतली मुलगी आणि कोयत्याची उचल

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

लोकसंख्या दिन आला की कुटुंबनियोजनाचे फलक गावोगावी लागतात. मराठवाड्याच्या ऊसतोड पट्ट्यात मात्र हा प्रश्न दवाखान्याच्या आधी शाळेत सुटायला हवा. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशात शाळेचे तोंडही न पाहिलेल्या स्त्रीला सरासरी 2.8 मुले होतात, बारावी किंवा पुढे शिकलेल्या स्त्रीला 1.8. महाराष्ट्राची सरासरी तर 1.7 वर आली आहे. म्हणजे ‘मुले कमी’ हे सांगून झाले. पहिले बाळ कोणत्या वयात आणि दुसरे किती अंतराने, हे सांगायचे राहिले. राज्यातल्या 20 ते 24 वयाच्या 21.9 टक्के स्त्रियांचे लग्न अठराच्या आत झाले होते. बीडमध्ये हा आकडा चाळीसच्या वर आहे.

त्याचे कारण उचलीत, म्हणजे ऊसतोडीसाठी मजूर गोळा करणारा मुकादम हंगामाआधी देतो त्या आगाऊ रकमेत आहे. नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि मुकादमाची उचल कोयत्यावर ठरते. एकटा मुलगा अर्धा कोयता धरला जातो. त्यामुळे हंगामाच्या तोंडावर लग्न उरकण्याची घाई होते. आई-बाप दिवाळीच्या आगेमागे कारखान्यावर जातात ते मार्च-एप्रिलला परततात. मोफत शिक्षणाचा हक्क चौदाव्या वर्षी संपतो, गावातली शाळा बहुधा सातवी-आठवीपर्यंतच असते, आणि नेमक्या त्याच वयात मुलीला घरी कोणाच्या भरवशावर ठेवायचे हा पेच पडतो. जेवण शाळेत आणि झोपायला नातेवाइकाकडे, ही सोय लहान मुलाला पुरते. पंधरा वर्षांच्या मुलीच्या आईला ती पुरत नाही. ऊसतोड मजुरांच्या टोळ्या निघून गेल्यावर उघडणारे वसतिगृहही कामाचे नाही. ते दसऱ्यालाच सुरू व्हावे, नववी-दहावीच्या मुलींना त्यात जागा असावी आणि रात्री मुक्कामाला बाई असावी. एवढे झाले तर मुलगी दहावीला बसते आणि लग्न आपसूक दोन-तीन वर्षे पुढे जाते.

लग्न झालेल्यांना दिली जाणारी माहितीही तोकडी आहे. त्याच पाहणीनुसार राज्यात 49.1 टक्के विवाहित स्त्रियांचे कुटुंबनियोजनाचे ऑपरेशन झालेले, पुरुषांची नसबंदी 0.4 टक्के. दोन मुलांमधल्या अंतरासाठी सरकारी दवाखान्यात मोफत साधने आहेत, पण ती कशी वापरायची हे नीट सांगितले जात नाही. ‘अंतरा’ हे गर्भनिरोधक इंजेक्शन दर तीन महिन्यांनी घ्यायचे. ऑक्टोबरात गावी घेतले तर जानेवारीचे उसाच्या फडावर असताना येते. तेव्हा इंजेक्शनच्या नोंदीचे कार्ड सोबत हवे आणि कारखान्याजवळच्या आरोग्य केंद्रात ते मिळते हे ठाऊक हवे. चार आठवड्यांपर्यंत उशीर चालतो, त्यापुढे नाही. सुरुवातीला अधूनमधून डाग पडतात, नंतर पाळी थांबू शकते. हे आधी न सांगितल्यामुळे बाई घाबरते, कुणी ‘रक्त आत साठतं’ म्हणते आणि दुसरा डोस राहतो. ‘छाया’ ही गर्भनिरोधक गोळी पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, पुढे एकदा. वार ठरवून दिले नाहीत तर चुकतेच. स्थलांतर करणाऱ्या बाईला सर्वांत सोयीची तांबी, म्हणजे गर्भाशयात बसवायची कॉपर-टी. बाळंतपणानंतर 48 तासांच्या आत बसवता येते, 380-ए प्रकारची दहा वर्षे चालते, आणि तारखा लक्षात ठेवायला लागत नाहीत. मात्र बसवण्याची संमती गरोदरपणातल्या तपासण्यांतच, समजावून घ्यावी. कळा सुरू असताना विचारणे म्हणजे न विचारण्यासारखेच आहे.

पुरुषांपर्यंत तर कुणी पोहोचतच नाही. नसबंदीने कोयता चालवायची ताकद जाते हा समज घट्ट आहे. या बिनटाक्याच्या शस्त्रक्रियेत फक्त शुक्रजंतू वाहून नेणारी नळी कापून बांधतात, टाकाही लागत नाही. ताकद आणि संबंध दोन्ही पूर्वीसारखेच राहतात. नंतर तीन महिने निरोध वापरून वीर्यतपासणी करून घ्यायची असते. ती टाळली तर गर्भ राहू शकतो आणि संशय बायकोवर येतो.

आशा आणि आरोग्यसेवक दुपारी घरी जातात तेव्हा पुरुष भेटत नाहीत. उचल वाटपाच्या दिवशी मात्र गावातले सगळे कोयते एका जागी असतात. आरोग्य विभागाने तासाभराची बैठक त्या दिवशी, तिथेच घ्यावी.

– एक आरोग्य कार्यकर्ती, बीड जिल्हा