‘हुशार बाळा’चे श्रेय कोणाला?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आयव्हीएफने, म्हणजे प्रयोगशाळेत गर्भ तयार करून, जन्मलेली मुले शाळेत जास्त हुशार निघतात, अशा आशयाचा मजकूर हल्ली व्हॉट्सॲपवर फिरतो आहे. आमच्या एसटी स्टँडसमोर एका आयव्हीएफ केंद्राने तर गोऱ्यापान बाळाला पदवीधराची टोपी घालून फ्लेक्सच लावला आहे. तीस वर्षे शाळेत काढली असल्यामुळे यावर दोन शब्द लिहावेसे वाटले.

या दाव्याला फिनलंडमधल्या पाहणीचा आधार देता येतो, पण ती अर्धीच वाचली तर. 1995 ते 2000 या काळात जन्मलेल्या तिथल्या मुलांच्या सरकारी नोंदी अभ्यासकांनी तपासल्या. वंध्यत्वावरील उपचारांनंतर जन्मलेल्या मुलांना सोळा-अठराव्या वर्षी गुण खरोखरच चांगले होते, शाळा सोडणारेही त्यांच्यात कमी होते. मात्र आईवडिलांचे शिक्षण, उत्पन्न, वय हे सगळे हिशेबात धरल्यावर ही आघाडी जवळजवळ नाहीशी झाली. मानसिक तक्रारी तर किंचित जास्तच आढळल्या. हुशारी प्रयोगशाळेतून आलेली नव्हती, ती घरातून आली होती. एकाच आईची उपचारांनी झालेली आणि आपसूक झालेली मुले ताडून पाहणारा अभ्यासही तिथेच झाला, 2019 मध्ये तो प्रसिद्ध झाला. अशा भावंडांच्या जन्मवजनात फारसा फरक नव्हता. तेव्हा उपचारांमुळे मूल कमी वजनाचे जन्मते ही भीतीही तितकीच पोकळ. जुळी-तिळी राहिली तर दिवस भरण्याआधी बाळंतपण होण्याचा धोका असतो, तो मात्र खरा.

फिनलंडमध्ये या उपचारांच्या खर्चाचा मोठा वाटा सरकार उचलते. तरीही तिथे शिकलेली, स्थिरस्थावर जोडपीच पुढे दिसतात. आपल्याकडे मग काय विचारता! खासगी केंद्रात एका खेपेला दीड-दोन लाख सहज लागतात, आणि पहिल्याच खेपेला यश येईल याची खात्री कोणीच देत नाही. विम्याच्या पॉलिसीत ‘वंध्यत्वावरील उपचार’ हे शब्द बहुधा वगळलेल्या बाबींच्या यादीत सापडतात.

आमच्या शाळेतल्या एका मावशींच्या सुनेचे गंठण याच पायी पतसंस्थेत गेले. पहिली खेप वाया गेली, दुसरीसाठी मुलाने दुचाकी विकली. इंजेक्शने घेऊन ती पोरगी दुपारच्या कडक उन्हात वडापने घरी यायची आणि आल्या आल्या स्वयंपाकाला लागायची. दोष नवऱ्यात होता, रिपोर्टात तसे स्पष्ट लिहिले होते. पण गावाला सांगितले गेले ते सुनेचेच नाव. बाळ झाले नाही, कर्ज राहिले. अशा घरांची नोंद कुठल्या पाहणीत होते? मुलांच्या भवितव्याचा अभ्यास करायला आधी मूल जन्माला यावे लागते.

6 ऑगस्ट 1986 रोजी मुंबईच्या केईएम रुग्णालयात हर्षा चावडा, शास्त्रीय नोंदींनिशी सिद्ध झालेले देशातले पहिले टेस्ट ट्यूब बाळ, जन्मली, डॉ. इंदिरा हिंदुजा आणि डॉ. टी. सी. आनंद कुमार यांच्या प्रयत्नांतून. केईएम म्हणजे महापालिकेचे रुग्णालय, केसपेपर काढून रांगेत उभे राहण्याचे ठिकाण! जी विद्या तिथे सिद्ध झाली, ती पुढे जवळजवळ पूर्णपणे खासगी दारांमागे गेली. गोव्याने 2023 मध्ये बांबोळीच्या वैद्यकीय महाविद्यालयात मोफत आयव्हीएफ सुरू केले. मुंबईत सरकारी कामा रुग्णालयाने या दिशेने पाऊल टाकले आहे, पण साताऱ्या-सांगलीच्या, बीडच्या जोडप्याने मुंबईत राहायचे कुठे, हा प्रश्न उरतोच. निदान विभागवार एकेका सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात हे उपचार मिळायला हवेत.

आणखी एक गोष्ट, जिला पैसा लागत नाही. दात्याच्या बीजातून झालेल्या मुलांना ते सांगावे की नाही? आपल्याकडे उत्तर ठरलेले: ब्र काढायचा नाही. केंब्रिज विद्यापीठातल्या संशोधक सुसान गोलोम्बोक यांच्या गटाने अशी कुटुंबे मुले वीस वर्षांची होईपर्यंत पाहिली. मानसिक स्वास्थ्यात ती मुले इतरांच्या मानाने कमी नव्हती. आणि ज्यांना सातव्या वर्षाआधी सांगितले गेले, त्यांचे आईशी नाते अधिक चांगले होते. आमच्या पाचवीतल्या एका मुलाला मात्र हे एका लग्नात, पंगतीत कळले. लांबच्या आत्याने थट्टेत सांगून टाकले. नंतर कित्येक आठवडे तो मागच्या बाकावर गप्प बसून असे. 2021 च्या सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान कायद्याने अशा केंद्रांवर समुपदेशनाची जबाबदारी टाकली आहे. त्यात ‘मुलाला केव्हा आणि कसे सांगाल’ हा विषय सक्तीचा करावा. तेवढ्याने भागणार नाही, कारण ते ऐकायला सासू-सासरे नसतात आणि घरात शेवटचा शब्द त्यांचाच असतो.

आपल्या दैनिकात अशा केंद्रांच्या उद्घाटनाच्या बातम्या सचित्र येतात. पुढच्या वेळी बातमीदाराने संचालकांना एवढे जरूर विचारावे: गेल्या वर्षी किती जोडपी आली, किती जणांचे बाळ घरी गेले आणि जे रिकाम्या हाताने परतले त्यांनी किती पैसे भरले होते?

आपली,
एक निवृत्त मुख्याध्यापिका, कराड