बारा तासांची पाळी आणि लेखी संमती : कामगारमंत्र्यांना खुले पत्र

मा. कामगारमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

स. न. वि. वि.

मी कोल्हापूरचा. शिरोलीतल्या एका फाउंड्रीत ३१ वर्षं पोअरिंगला, म्हणजे वितळलेलं लोखंड साच्यात ओतायच्या कामाला होतो. निवृत्त झाल्यावर मुलाकडे अमेरिकेत, पिट्सबर्गला गेलो. मुलानं मला जवळच्या होमस्टेड गावी नेलं. उद्योगपती अँड्र्यू कार्नेगींचा पोलाद कारखाना तिथं होता, १९८६ साली तो बंद पडला. आता त्या जागी दुकानं आहेत आणि कडेला विटांची १२ धुराडी तेवढी ओळीनं उभी ठेवली आहेत. नदीपलीकडे कॅरी फर्नेसच्या दोन जुन्या भट्ट्या जपल्या आहेत. लोखंडाचा रस ज्या चरांतून वाहायचा ते चर पाहिले आणि मी तिथंच खाली बसलो. ते काम मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

सप्टेंबर २०२५ मध्ये आपल्या मंत्रिमंडळानं कारखान्यातली दिवसाची कामाची मर्यादा ९ तासांवरून १२ तासांवर नेण्यास मंजुरी दिली. ओव्हरटाइमची तिमाही मर्यादा ११५ वरून १४४ तास करायचं ठरलं. कामगाराची लेखी संमती घेतली जाईल, असंही सांगितलं गेलं. त्या संमतीबद्दलच मला बोलायचं आहे.

भट्टी विझवता येत नाही. म्हणून २४ तासांचे दोन भाग करायचे की तीन, एवढाच पोलादाच्या धंद्यात प्रश्न असतो. होमस्टेडजवळच ब्रॅडॉकला कार्नेगींचाच दुसरा कारखाना होता. तिथले प्रमुख कॅप्टन बिल जोन्स स्वतः कामगारांतून वर आलेले. त्यांनी १८७०च्या दशकाच्या अखेरीस मालकाला पटवून आठ तासांच्या तीन पाळ्या सुरू केल्या. हाडामांसाचा माणूस सलग बारा तास राबू शकत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं, आणि कारखाना तोट्यात गेला नाही. पण शेजारचे कारखाने बारा तास राबवतात, मग आपणच का कमी, म्हणून १८८८ साली कामगारांचा संप मोडून पुन्हा दोन पाळ्या आणल्या. पुढच्याच वर्षी जोन्स भट्टीच्या अपघातात गेले.

त्या संपानंतर चार वर्षांनी होमस्टेडची वेळ आली. ६ जुलै १८९२ ला कंपनीनं बोटींतून पिंकर्टन या खासगी संस्थेचे ३०० बंदूकधारी रक्षक आणले, नदीकाठी गोळीबार झाला, दोन्हीकडची माणसं मेली. मग राज्याचं सैन्य आलं आणि कामगारांची संघटना मोडली. त्यानंतर चाळीसेक वर्षं तिथं संघटना उभी राहिली नाही. आता कामगार मालकासमोर एकटा. स्लोव्हाकियातून, हंगेरीतून आलेला, इंग्रजी न येणारा माणूस फाटकावर उभा राहायचा. बारा तास मान्य असतील तर आत, नाहीतर मागे रांग होतीच. त्यानंही होच म्हटलं होतं, साहेब. ती संमतीच होती.

दर पंधरवड्याला दिवसपाळी आणि रात्रपाळीची अदलाबदल व्हायची. त्या दिवशी एका तुकडीला सलग २४ तास भट्टीसमोर उभं राहावं लागे. भाड्यानं राहणाऱ्यांच्या खोल्यांत रात्रपाळीवाला उठला की दिवसपाळीवाला त्याच बिछान्यावर पडायचा. आपल्या गिरणगावातल्या गाळ्यांतही हेच होतं. कार्नेगींनी ब्रॅडॉकला आणि होमस्टेडला मोठी ग्रंथालयं बांधून दिली. बारा तास राबलेल्या माणसाला ग्रंथालयाचा काय उपयोग, असं होमस्टेडचे कामगार तेव्हाच विचारत होते. माझ्या घरीही पुस्तकं होती. डबल, म्हणजे लागोपाठ दोन पाळ्या करून आलो की भाकरी हातात धरूनच डोळा लागायचा.

क्रिस्टल ईस्टमन या वकील बाईंनी त्या जिल्ह्यातल्या मृत्यूंची मोजदाद केली. जुलै १९०६ ते जून १९०७ या एका वर्षात ५२६ कामगार कामावर मेले होते. कामगाराची बेफिकिरी हेच अपघाताचं कारण, असा तोवर सगळ्यांचा समज होता. ईस्टमन बाईंनी एकेक प्रकरण तपासून तो खोडून काढला.

१९१९ साली देशभरातले साडेतीन लाख पोलाद कामगार संपावर गेले आणि हरले. बारा तासांची पाळी १९२३ साली गेली, तीही राष्ट्राध्यक्ष हार्डिंग आणि लोकमत यांनी कंपन्यांना धारेवर धरलं तेव्हा. आठ तासांनी धंदा बुडेल असं मालक सांगत आले होते. धंदा बुडाला नाही.

आपल्याकडे नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८९० साली गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळवून दिली. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या मंडळात कामगार खातं सांभाळत होते, तेव्हा १९४६ साली कारखान्यातले आठवड्याचे तास ५४ वरून ४८ वर आले. आठवड्याचे ४८ तास आजही कायम आहेत, असं आपण म्हणाल. पण रस हातात असताना माणूस आठवडा मोजत नाही, साहेब. त्याला तो दिवस मोजावा लागतो.

आमच्या फाउंड्रीत एकदा रात्रपाळीचा माणूस आला नाही. सुपरवायझरनं माझ्या जोडीदाराला डबल करायला सांगितलं. सहीसाठी कागद पुढे केला, त्यानं केली. ठेक्यावरचा माणूस, नाही म्हटला तर सोमवारी हजेरीच लागली नसती. पहाटे चारच्या सुमारास लॅडल, म्हणजे रसाचं भांडं, कलंडताना त्याचा हात अर्धा क्षण उशिरा फिरला. रस ओल्या जमिनीवर पडला आणि उसळला. बूट कापून काढावा लागला. चौकशीत कामगाराची बेफिकिरी असं लिहिलं गेलं, आणि त्याच फायलीत संमतीचा कागद लावला होता.

माझं मागणं मोठं नाही. भट्टी, फोर्जिंग (तापवलेलं लोखंड ठोकून घडवणं) आणि रसायनांच्या कामाला बारा तासांतून वगळा. ठेकेदाराच्या कामगाराची संमती ठेकेदारानं घ्यायची नाही, कारखाने निरीक्षकासमोर घ्यायची. आणि प्रत्येक अपघात पाळीच्या कितव्या तासाला झाला, ते नोंदवून दरवर्षी जाहीर करा.

मंत्रालयात बोलावलंत तर मी येईन. माझा जोडीदारही यायला तयार आहे. फक्त त्याला जिना चढता येत नाही, तेवढं तळमजल्यावर भेटलात तर बरं होईल.

आपला,
एक निवृत्त फाउंड्री कामगार
कोल्हापूर